बाटलीतला बिब्बा

आमच्या परिचयातील एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी धाकट्या मुलाच्या लग्नाला दोन दिवस उरले असताना नेहमीप्रमाणे केसांना काळी मेंदी लावली. लग्नाच्या दिवशी पहाटे त्यांना जाग आली, पण डोळे उघडता येईनात. पापण्या सुजून एकमेकींवर बसल्या होत्या. कपाळावर, कानांमागे आणि मानेवर पाणीदार पुरळ उठले होते व त्याला असह्य खाज सुटली होती. घरात जमलेल्या पाहुण्यांपैकी कोणी ही उष्णता म्हटली, कोणी पित्त म्हटले, कोणी आदल्या रात्रीच्या जेवणातील वांग्यांना दोष दिला. एका वडीलधाऱ्या बाईंनी तर मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. मेंदीचे नाव मात्र कोणाच्याही तोंडी आले नाही. खुद्द बाईंच्याही नाही. ‘आठ वर्षे हीच लावते आहे मी. तिनेच व्हायचे असते तर आधीच नसते का झाले?’ असा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना केला, आणि मुहूर्ताच्या वेळी तोंडावर पदर ओढून मागच्या खुर्चीवरूनच अक्षता टाकल्या.

अशा प्रसंगांत कोणी दगावत नाही. म्हणून त्यांची बातमी होत नाही आणि त्यांची नोंदही कोठे राहत नाही. परंतु त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात घटकाभर बसणाऱ्याला ही कथा वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळेल. कोणाच्या मानेवर शाम्पूने चट्टे उठलेले असतात, कोणाच्या काखेत सुगंधी फवाऱ्याने. कोणाची हनुवटी दाढीनंतरच्या द्रवाने काळवंडलेली असते, तर कोणाचे तान्हे मूल ओल्या पुसण्याने लालबुंद झालेले असते. आपण स्वच्छतेसाठी अंगाला लावतो त्या वस्तूंपैकी काहींचे काही माणसांना वावडे असणार, हे निसर्गाच्या व्यवस्थेत सर्वस्वी टळणारे नाही. परंतु ज्या व्याधीवर वर्ज्य वस्तू टाळणे हाच मुख्य उपाय आहे, त्या व्याधीत काय टाळायचे तेच रुग्णाला कळू न देणे, ही गोष्ट मात्र पूर्णपणे टळण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

दाह आणि वावडे

आरंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रसाधनांमुळे होणाऱ्या त्वचेच्या तक्रारी दोन जातींच्या असतात. पहिली जात साध्या दाहाची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे ४.५ ते ५.५ च्या दरम्यान राहतो. साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १० असतो. दिवसातून एकदा साबण लावल्याने काही बिघडत नाही, कारण त्वचा आपला तोल काही तासांत सावरते. पण वारंवार साबण चोळला, अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव बेताने नव्हे तर सढळ हाताने ओतला, की त्वचेतील स्निग्धांश निघून जातो, तिला भेगा पडतात आणि आग होऊ लागते. २०२० च्या साथीत दिवसातून वीसवीस वेळा हात धुणाऱ्या असंख्य लोकांनी हा अनुभव घेतला. असा दाह कोणालाही होऊ शकतो, आणि मात्रा कमी केली की तो ओसरतो.

दुसरी जात खऱ्या वावड्याची, म्हणजे ॲलर्जीची. येथे मात्रेपेक्षा ओळखीचा प्रश्न असतो. एखाद्या रसायनाचे सूक्ष्म रेणू त्वचेच्या बाह्य थरातून आत शिरतात आणि शरीरातील प्रथिनांना चिकटतात. त्या थरात पहारेकऱ्यांचे काम करणाऱ्या पेशी असतात. पाउल लांगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ मध्ये विद्यार्थिदशेतच त्या प्रथम पाहिल्या, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. या पेशी त्या परक्या जोडीला उचलून जवळच्या लसिका ग्रंथीपर्यंत नेतात आणि तेथील संरक्षक पेशींना तिची ओळख पटवतात. पहिल्या वेळी हे सारे निःशब्दपणे घडते. दहापंधरा दिवसांत स्मृती तयार होते आणि बाहेर काहीही दिसत नाही. पुढे तोच पदार्थ पुन्हा अंगाला लागला, की एक ते तीन दिवसांत त्या जागी पुरळ उठते. हा विलंबच फसवा ठरतो. सोमवारी लावलेल्या वस्तूचा परिणाम बुधवारी दिसला, की माणूस मंगळवारच्या जेवणावर संशय घेतो.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. शरीराची ही ओळख पहिल्या वापरात पटेल किंवा शंभराव्या वापरात. आठ वर्षे एखादी वस्तू मानवली म्हणून नवव्या वर्षी ती मानवेलच, असा करार शरीराने आपल्याशी केलेला नसतो. किंबहुना रोजच्या वापरातील जुनी वस्तूच अनेकदा अपराधी निघते. आणि ही ओळख एकदा पटली, की ती बहुधा जन्मभर टिकते. मलमाने पुरळ बरे होते. स्मृती पुसली जात नाही.

अपराधी शोधण्याची रीतही जुनी आहे. योझेफ यादासोन या जर्मन वैद्याने १८९५ मध्ये संशयित द्रव्य पट्टीखाली रुग्णाच्या निरोगी त्वचेवर ठेवून प्रतिक्रिया पाहण्याची पद्धत मांडली. आजही तीच पद्धत वापरली जाते. पाठीवर लहान लहान कप्प्यांत निरनिराळी द्रव्ये ठेवून पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर आणखी एकदोन दिवसांनी पुन्हा पाहतात. भारतीयांच्या वापरातील द्रव्ये लक्षात घेऊन तयार केलेले संचही आपल्याकडे उपलब्ध आहेत. पण या चाचणीसाठी किमान तीन खेपा घालाव्या लागतात आणि ती सोय मुख्यतः मोठ्या शहरांत आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याला तीन दिवसांची मजुरी बुडवून पाठीवर पट्ट्या बांधून घेणे परवडत नाही. तो औषधाच्या दुकानातून खाज थांबवणारी नळी आणतो. तीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. पुरळ तात्पुरते दबते, मूळ कारण तसेच राहते आणि वर त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. पण ती हवालदिल माणसाच्या हाती अजूनही सहज पडतात.

बिब्ब्याला नाव होते

त्वचेचे वावडे ही काही आधुनिक संस्कृतीची देणगी नव्हे. मराठी माणसाला ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि त्याला आपल्या भाषेत स्वतंत्र क्रियापदही आहे. बिब्बा ‘उततो’. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की काहींच्या त्वचेवर फोड येतात, सूज चढते आणि ती दिवसेंदिवस उतरत नाही. परीट मंडळी कपड्यांवर खुणा करण्यासाठी हाच बिब्बा वापरीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर विचित्र पुरळ उठू लागले. त्याचा उगम शोधता शोधता तेथील डॉक्टर कपड्यांवरील परटाच्या खुणेपर्यंत येऊन पोचले आणि १९४३ मध्ये त्यांनी तो वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. आपल्या आजीला मात्र त्यासाठी संशोधनाची गरज नव्हती. बिब्बा कोणाला उततो, तो किती जपून हाताळायचा, उतल्यावर काय लावायचे, हे सारे तिला ठाऊक होते.

गाजरगवताचेही तसेच. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम आढळलेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले आणि शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपरांच्या लवणीत जुनाट इसब घेऊन आले. त्याचा बंदोबस्त आपण करू शकलो नाही, हे खरे. पण त्याला लोकांनी नाव दिले, ते ओळखायला शिकले. ज्याला त्याचे वावडे आहे तो बांधावर ते दिसताच चार पावले दूर राहतो.

या दोन उदाहरणांतून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे ‘नैसर्गिक’ आणि ‘निर्धोक’ हे समानार्थी शब्द नव्हेत. बिब्ब्याहून अधिक नैसर्गिक काय असणार? चंदनाच्या तेलाचे, लिंबाच्या सालीतील अर्काचे, सुवासिक फुलांच्या तेलांचेही वावडे असणारी माणसे आहेत; तेव्हा वेष्टनावर पानाफुलांचे चित्र छापल्याने आतला पदार्थ निर्दोष ठरत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बिब्बा उघडउघड बिब्बा होता. त्याला रूप होते, रंग होता, आणि मुख्य म्हणजे नाव होते. आजचा बिब्बा बाटलीत विरघळलेला आहे.

मेंदी काळी कशी झाली

मेंदीच्या पानांचा रंग तांबूस-नारिंगी असतो, हे हाताला मेंदी लावणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत आहे. मग केसांची मेंदी काळी कशी होते? बहुतेक वेळा ती पॅराफेनिलीनडायअमाइन नावाच्या रसायनाने होते. एकोणिसाव्या शतकातील रंगरसायनशास्त्रातून हे द्रव्य आले, आणि केसांना टिकाऊ काळा रंग देण्यात त्याचा हात धरणारे दुसरे स्वस्त द्रव्य अजूनही सहज सापडत नाही. त्वचेला वावडे निर्माण करणाऱ्या द्रव्यांतही ते अग्रभागी आहे. ज्याला ते एकदा उतले, त्याला पुढे काही कापडांचे रंग आणि काही बधिर करणारी औषधेही बाधू शकतात, कारण त्यांची रासायनिक घडण याच कुळातील असते. केशकर्तनालयांतील कारागिरांच्या बोटांना दिवसाकाठी अनेकदा हा रंग लागतो. ज्या हातांवर पोट चालते तेच हात चिरू लागले, तर त्या माणसाने धंदा सोडून करायचे काय?

गंमत अशी की, या बाबतीत आपला कायदा मुळीच मुका नाही. असे रंग असलेल्या प्रत्येक वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सावधगिरीची सूचना छापली पाहिजे, असा नियम आहे. कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावून चोवीस तास वाट पाहावी, आग किंवा सूज नसेल तरच तो केसांना लावावा, आणि ही चाचणी पहिल्याच वेळी नव्हे तर प्रत्येक वापरापूर्वी करावी, असे त्यात स्पष्टपणे सांगितले आहे. भुवयांना आणि पापण्यांना तो लावल्यास दृष्टी जाण्याचा धोका आहे, हेही सांगितले आहे. पण हा मजकूर ज्या टीचभर कागदावर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेला असतो, तो कागद पुडी फोडताच केराच्या टोपलीत जातो. केशकर्तनालयात तर गिऱ्हाईक तो कागद पाहतही नाही. बाईंनी आठ वर्षांत तो एकदाही वाचला नव्हता. त्यांना वाचता येत नव्हते असे कोण म्हणेल?

युरोपातील एक धडा

सूचना वाचली नाही हा ग्राहकाचा दोष मानला, तरी ज्यात सूचनाच नसते त्याचे काय? अलीकडच्या काळातील एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पाणी असलेले कोणतेही प्रसाधन परिरक्षकाशिवाय टिकत नाही. त्यात जंतू वाढतात आणि ते स्वतःच अपायकारक ठरते. म्हणून शाम्पूत, मलमात, ओल्या पुसण्यांत परिरक्षक घालावेच लागतात. १९८० च्या दशकापासून यासाठी दोन रसायनांचे एक मिश्रण प्रचारात होते. त्यातील मिथिलआयसोथायाझोलिनोन हे द्रव्य आपल्या जोडीदारापेक्षा सौम्य समजले जाई. म्हणून ते एकट्यानेच वापरण्यास युरोपात २००५ मध्ये मुभा मिळाली. मात्र एकट्याने परिणामकारक होण्यासाठी ते पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक मात्रेत घालावे लागे, आणि दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत ते घालण्यास परवानगी होती.

परिणाम दिसायला काही वर्षे लागली. पट्टी-चाचण्यांत या एका द्रव्याला प्रतिसाद देणाऱ्या रुग्णांची संख्या देशोदेशी वाढू लागली. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साठी वर्षातील प्रमुख अपराधी म्हणून त्याचीच निवड केली. २०१४ च्या आरंभी तेथील बालरोगविषयक नियतकालिकात सहा मुलांची हकीकत प्रसिद्ध झाली. तोंडाभोवती आणि बैठकीच्या जागी त्यांना असे चट्टे उठले होते की, कोणी ते इसब समजले, कोणी जंतुसंसर्ग; औषधांमागून औषधे झाली. शेवटी ओली पुसणी बंद करताच मुले बरी झाली. पुढे युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत या द्रव्याला २०१७ पासून मनाई केली आणि धुऊन टाकल्या जाणाऱ्या प्रसाधनांत त्याची मर्यादा २०१८ मध्ये दशलक्ष भागांत पंधरा भागांवर आणली.

हे शक्य का झाले, याचा विचार केला पाहिजे. तेथील उत्पादक अधिक सज्जन होते म्हणून नव्हे. घटकद्रव्यांची नावे वेष्टनावर होती, डॉक्टरांना पट्टी-चाचणीचे निष्कर्ष आणि ती नावे ताडून पाहता आली, आणि अशा नोंदी एकत्र करणारी व्यवस्था होती. नावाशिवाय संशय घेता येत नाही, आणि संशयाशिवाय पुरावा गोळा होत नाही.

कपाळावरचा डाग

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक, अधिक क्लेशकारक बाजू आहे. गोऱ्या कातडीवर वावडे तांबडे दिसते. आपल्या सावळ्या कातडीवर ते बहुधा काळा किंवा पांढरा डाग मागे ठेवते. जपानमध्ये १९७० च्या दशकात असंख्य स्त्रियांचे चेहरे काळवंडले. शोध घेता एका तांबड्या रंगातील अशुद्धीपर्यंत माग लागला, आणि १९७७ पासून तेथील उत्पादकांनी ती द्रव्ये वापरणे बंद केले. हळदीवर चुन्याची किंवा तत्सम क्षारांची प्रक्रिया करून कुंकू करण्याची आपली जुनी रीत मागे पडली आणि स्वस्त रासायनिक रंग आले, तेव्हा तशाच रंगद्रव्यांनी कुंकू लावणाऱ्या बायकांच्या कपाळावर तसेच काळे डाग उठवले. १९८० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद झाली.

कुंकवाची जागा टिकलीने घेतली, तेव्हा काळ्या डागाऐवजी पांढरा डाग आला. टिकली चिकटवणाऱ्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिलफिनॉल नावाचे द्रव्य असते आणि ते त्वचेतील रंग निर्माण करणाऱ्या पेशींना मारक ठरते, असे अलाहाबादच्या तज्ज्ञांनी १९९० मध्ये दाखवून दिले. टिकलीच्या आकाराचा हा पांढरा ठिपका पाहून आपल्या समाजात कोणता शब्द उच्चारला जातो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कोड हा काही संसर्गजन्य रोग नव्हे आणि त्याबद्दलची आपली घृणा सर्वस्वी असमर्थनीय आहे. पण ती आहे, ही वस्तुस्थिती आहे. ठरत आलेली सोयरीक एका ठिपक्यावरून मोडली जाते. कारण डिंकात असते आणि दोष मुलीच्या रक्ताला दिला जातो. टिकल्यांच्या पाकिटावर रंग, आकार आणि किंमत छापलेली असते. डिंकात काय आहे, ते शोधूनही सापडत नाही.

पुडीतील मौन

सौंदर्यप्रसाधने औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्याची दुरुस्ती १९६२ मध्ये झाली. त्या वेळी प्रसाधनाच्या व्याख्येतून साबण मुद्दाम वगळला होता. १९८२ च्या दुरुस्तीने तो अपवाद काढून टाकला; म्हणजे ज्या वस्तूने देशाचा दिवस सुरू होतो ती १९८३ पर्यंत कायद्याच्या लेखी प्रसाधनच नव्हती! पुढे घटकद्रव्ये छापण्याचे बंधन आले. एक टक्क्याहून अधिक असलेली द्रव्ये प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने आणि बाकीची त्यानंतर द्यावीत, असा नियम झाला. हा नियम चांगला आहे. पण त्याला एक शेपूट आहे. साठ मिलिलिटरपेक्षा लहान द्रव आणि तीस ग्रॅमपेक्षा लहान घन किंवा अर्धघन वेष्टनांवर ही यादी छापण्याची सक्ती नाही. २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली झाली, तीतही ही सवलत कायम ठेवली.

ही सवलत दिसायला किरकोळ आहे. परंतु ज्या देशात शाम्पू बाटलीने नव्हे तर पुडीने खपतो, त्या देशात ती किरकोळ राहत नाही. १९८० च्या दशकात पुडीने शाम्पू झोपडीपर्यंत नेला, आणि त्यात निषेध करण्याजोगे काहीच नाही. गरिबालाही सुगंधी फेसाचा हक्क आहे. पण आज टपरीवर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा पाहा. मोठी बाटली घेणाऱ्या सुखवस्तू ग्राहकाला आत काय आहे ते कळण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, आणि रुपया-दोन रुपयांची पुडी घेणाऱ्या मोलकरणीला तो नाकारला आहे. वस्तू तीच, त्वचाही तशीच. फरक केवळ खिशाचा. काही उत्पादक आपण होऊन पुडीवरही यादी छापतात, ही समाधानाची गोष्ट होय. पण हक्क दुसऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून असता कामा नये.

यादी असते तेथेही ‘सुगंध’ या एका शब्दाआड पुष्कळ काही दडलेले राहू शकते. एका सुगंधात दहापाच नव्हे, शेकडो द्रव्येही असू शकतात. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरांपैकी एक ते तीन माणसांना सुगंधी द्रव्यांचे वावडे असावे, असा युरोपातील तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणूनच तेथे २००५ पासून अशी सव्वीस द्रव्ये ठरावीक मर्यादेपलीकडे असल्यास नावानिशी छापावी लागतात, आणि २०२३ च्या नियमाने ती यादी ऐंशीच्या पुढे नेली.

उत्पादकांची बाजू

याविरुद्ध उत्पादकांचे काही म्हणणे आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. सुगंधाचे सूत्र हे व्यापारी गुपित आहे, पुडीवर जागा नाही, आणि बोजड रसायनांची नावे वाचून सामान्य माणूस विनाकारण घाबरेल, असे तीन आक्षेप साधारणतः घेतले जातात. पहिल्याचे उत्तर असे की, नाव सांगणे म्हणजे कृती सांगणे नव्हे. प्रमाण न सांगता केवळ वावड्याची द्रव्ये जाहीर केल्याने युरोपातील सुगंधाचा व्यापार बुडालेला नाही. दुसऱ्याचे उत्तर पुडीवरच आहे. मोकळे केस उडवणाऱ्या तरुणीच्या चित्राला तेथे ऐसपैस जागा मिळते. पुडीवर ती खरोखरच नसेल, तर पुड्यांच्या माळेवर किंवा दुकानातील खोक्यावर यादी छापता येईल.

तिसरा आक्षेप थोडा गंभीर आहे. शंभरांतील पंचाण्णव माणसांना या नावांचा काही उपयोग नाही, हे खरे. परंतु उरलेल्यांना त्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय ग्राहकाला घाबरवू नये म्हणणारेच त्याला खोटा दिलासा देण्यात मागे नसतात. ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्दच पाहा. वावड्याचा संभव कमी, असा त्याचा भाव. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७५ मध्ये त्याची निश्चित व्याख्या करण्याचा प्रयत्न केला. प्रसाधन कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून हा शब्द तेथे निश्चित अर्थावाचूनच मिरवतो आहे. ‘सौम्य’, ‘वनौषधियुक्त’, ‘तज्ज्ञांनी तपासलेले’ हे आपल्याकडील शब्दही त्याचेच भाऊबंद आहेत. काय तपासले, कोणी तपासले आणि निष्कर्ष काय निघाला, हे वाचकाने विचारायचे नसते.

तेव्हा मागणी मोठी नाही. लहान वेष्टनांची सवलत काढून टाकावी. सुगंधातील नामांकित अपराधी द्रव्ये नावानिशी छापावीत. टिकलीच्या डिंकालाही हाच न्याय लावावा. सावधगिरीच्या सूचना मराठीत आणि डोळ्यांना दिसतील एवढ्या टाइपात असाव्यात. पट्टी-चाचणीची सोय जिल्हा रुग्णालयांत व्हावी आणि तिचे निष्कर्ष राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नियमितपणे जावेत. यांपैकी कोणत्याही गोष्टीने कोणाचा कारखाना बंद पडणार नाही.

तोवर ज्याच्या त्वचेवर कारणाविना पुरळ उठते त्याने काही पथ्ये पाळावीत. सारी प्रसाधने काही आठवडे थांबवून पुरळ ओसरल्यावर एकेक करून पुन्हा सुरू करावीत. मलमासारखी अंगावर राहणारी नवी वस्तू कोपराच्या आतल्या लवणीत आठपंधरा दिवस लावून पाहावी. साबण-शाम्पूची मात्र अशी परीक्षा घेऊ नये, कारण धुऊन टाकायची वस्तू तशीच ठेवली तर कोणाचीही त्वचा जळजळेल. डॉक्टरांकडे जाताना वापरातील प्रत्येक वस्तूचे वेष्टन बरोबर न्यावे. आणि अपराधी द्रव्याचे नाव एकदा कळले, की ते लिहून जवळ बाळगावे.

आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तेच केले आहे. मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांची पट्टी-चाचणी झाली आणि डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर ते लांबलचक नाव इंग्रजीत लिहून दिले. ती चिठ्ठी त्यांच्या बटव्यात असते, आणि बटव्यात आता एक भिंगही असते. गावातील दुकानदार त्यांना दुरून येताना पाहून हसतो. काउंटरवर पाकीट उलटे धरून त्या एकेक अक्षर लावीत असतात आणि मागे गिऱ्हाइकांची रांग खोळंबते. परवा त्यांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मानेवर चट्टे उठले. तिने वापरलेली शाम्पूची पुडी यांनी मागून घेतली, भिंग लावले, उलटसुलट करून पाहिली. तीवर वाचण्यासारखे काहीच नव्हते.